तळाच्या बेसबॉल संघाने काठावरच्या कोणत्या खेळाडूंना राखावे?

प्रश्न असा आहे: मेजर लीगमधील, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगमधील, एखादा संघ सलग दोन-तीन हंगाम शंभराच्या आसपास सामने हरत असेल आणि त्याच्या चाळीस जणांच्या यादीतील दहा-पंधरा नावे कोणत्याही आठवड्यात बदलता येण्याजोगी असतील, तर त्यांतील कोणाला ठेवावे आणि कोणाला जाऊ द्यावे? खेळाडूंचे मूल्यमापन हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे मी आधी थेट उत्तर देतो आणि मग कारणांकडे वळतो. अशा संघाने काठावरचा खेळाडू निवडताना तो या हंगामात किती सामने जिंकून देईल, हा प्रश्न मागे ठेवावा. पुढे ठेवायचे प्रश्न दोन आहेत. या खेळाडूबद्दल आपल्याला अजून काय कळायचे राहिले आहे? आणि तो हातातून गेला, तर त्याच्यासारखा दुसरा सहज मिळेल का? ज्याच्याबद्दल सगळे कळून चुकले आहे आणि ज्याच्यासारखे दहा जण बाजारात फिरत आहेत, त्याला जाऊ द्यावे, मग तो आज यादीतील इतरांपेक्षा थोडा बरा असला तरी चालेल.

या उत्तरामागचा हिशेब साधा आहे. मूल्यमापनात असे धरले जाते की, किमान पगारावर सहज मिळणाऱ्या खेळाडूंचाच संघ उभा केला, तर तो हंगामातील 162 पैकी साधारण 48 सामने जिंकेल. पंचविसावा खेळाडू आणि अठ्ठाविसावा खेळाडू यांच्यातील फरक बहुधा पूर्ण हंगामात एका विजयाइतकाही नसतो. विजेतेपदाच्या शर्यतीतील संघाला तो एक विजयसुद्धा मोलाचा असतो, म्हणून तो संघ ओळखीचा, भरवशाचा, मर्यादा माहीत असलेला खेळाडू घेतो आणि त्याचे ते बरोबरच असते. 60 ऐवजी 61 सामने जिंकून तळाच्या संघाच्या हाती मात्र काहीच पडत नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट अशी असते, जी वरच्या संघांकडे नसते, आणि ती म्हणजे खेळायला देण्याजोगी मोकळी जागा. ती जागा ओळखीच्या सामान्यपणावर खर्च करणे ही अशा संघांची सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

नियम समजून घेतल्याशिवाय हा निर्णय घेता येत नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. मेजर लीग संघाच्या मुख्य यादीत 40 खेळाडू असतात. त्यांतील 26 जण रोजच्या सामन्यांसाठी सक्रिय असतात, या 26 मध्ये जास्तीत जास्त 13 पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे खेळाडू, ठेवता येतात, आणि सप्टेंबरमध्ये सक्रिय खेळाडूंची संख्या 28 होते. मुख्य यादीत असलेल्या तरुण खेळाडूला साधारणपणे तीन हंगामांत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीच्या संघांत, मोकळेपणाने खाली-वर पाठवता येते. या सवलतीला ‘ऑप्शन’ म्हणतात. हंगामात किमान 20 दिवस खाली काढले, की एक ऑप्शन वर्ष खर्ची पडते, आणि 2022 पासून एका हंगामात पाच वेळांपेक्षा अधिक वेळा ही सवलत वापरता येत नाही. ऑप्शन संपलेल्या खेळाडूला खाली पाठवायचे असेल, तर त्याला आधी वेव्हर्समधून जावे लागते, म्हणजे इतर सर्व संघांना त्याच्यावर हक्क सांगण्याची संधी मिळते. यादीतून नाव काढले, तर सात दिवसांत त्याची अदलाबदल करायची, त्याला वेव्हर्सवर ठेवायचे किंवा मुक्त करायचे, हे ठरवावे लागते. आयपीएलमध्ये खेळाडू राखण्याचा निर्णय वर्षातून एकदा होतो. इथे तो फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत जवळजवळ रोज घ्यावा लागतो.

या नियमांत तळाच्या संघासाठी एक मोठा लाभ दडलेला आहे, आणि पुष्कळ संघ त्याचा पुरेसा वापर करत नाहीत. वेव्हर्सवर आलेल्या खेळाडूवर पहिला हक्क सर्वांत खराब कामगिरीच्या संघाचा असतो, आणि हंगामापूर्वी व हंगामाच्या पहिल्या काही आठवड्यांत हा क्रम मागील वर्षाच्या गुणतक्त्यावरून ठरतो. डिसेंबरमधील रूल फाइव्ह ड्राफ्टमध्येही, म्हणजे इतर संघांनी मुख्य यादीत न घेतलेले मायनर लीगचे खेळाडू निवडतानाही, पहिली निवड त्याचीच असते. शिकागो व्हाइट सॉक्स 2024 मध्ये 121 सामने हरले. आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव दुसऱ्या कोणत्याही संघाच्या वाट्याला आलेले नाहीत. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी रूल फाइव्हची पहिली निवड वापरून मिलवॉकीच्या संघटनेतील शेन स्मिथ हा पिचर घेतला. महाविद्यालयातून बाहेर पडताना मुख्य ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कोणीच निवडले नव्हते. 2025 मध्ये तो त्यांच्याकडून सुरुवातीचा पिचर म्हणून खेळला आणि ऑल-स्टार संघात, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या संघात, गेला. माइक व्हासिल हा दुसरा पिचर रूल फाइव्हमधूनच आधी फिलाडेल्फिया आणि मग टँपा बे असा फिरला आणि मार्च 2025 मध्ये व्हाइट सॉक्सनी त्याला वेव्हर्समधून उचलले. त्या हंगामात त्याने शंभराच्या आसपास इनिंग टाकल्या आणि त्याचा ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, अडीचच्या आसपास राहिला. या दोघांसाठी यादीत जागा हवी होती आणि ती जागा कोणाला तरी सोडूनच झाली असणार. म्हणून काठावरचा खेळाडू राखणे म्हणजे फुकटात काही जपणे नव्हे. प्रत्येक राखलेल्या नावामागे वेव्हर्समधून घेता आला असता असा एक खेळाडू सोडलेला असतो.

यातूनच मी वापरतो ती पहिली कसोटी निघते. यादीतील शेवटची सात-आठ नावे घ्यावीत आणि प्रत्येकाबद्दल विचारावे: हा खेळाडू आज दुसऱ्या एखाद्या संघाने वेव्हर्सवर ठेवला असता, तर आपण त्याच्यावर हक्क सांगितला असता का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो केवळ सवयीने आपल्याकडे आहे. ही कसोटी कठोर वाटते, पण ती ड्रेसिंग रूममधील आपुलकी, त्याच्या करारावर आधी खर्च केलेले पैसे आणि ‘आम्ही याला ड्राफ्टमध्ये वर निवडले होते’ ही आठवण या तिन्ही गोष्टी बाजूला काढते. त्यांतील शेवटची सर्वांत चिवट असते. आपणच निवडलेल्या खेळाडूला आपण चौथे आणि पाचवे वर्ष देतो, आणि दुसऱ्याकडून आलेल्याला चाळीस दिवसांत निकाली काढतो.

आता त्या खेळाडूकडे पाहायचे कसे, हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. काठावरच्या खेळाडूला संधी थोड्या मिळतात, त्यामुळे त्याचे वरवरचे आकडे जवळजवळ निरुपयोगी असतात. एखादा रिलीव्हर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी नंतर येणारा पिचर, पूर्ण हंगामात साठ-सत्तर इनिंग टाकतो. त्यांतील दोन वाईट संध्याकाळी त्याचा ईआरए एका धावेने सहज वाढवतात. फलंदाजाची सरासरी स्थिर व्हायला काही महिने नव्हे, तर कित्येकदा वर्षे लागतात. त्याउलट काही गोष्टी लवकर खऱ्या ठरू लागतात. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) होतो, हे फलंदाजीच्या सुमारे 60 संधींनंतर बऱ्यापैकी अर्थपूर्ण होते. त्याला वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) किती मिळतात, हे कळायला साधारण दुप्पट संधी लागतात. 2015 पासून मेजर लीगच्या सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा असल्यामुळे चेंडू बॅटवरून किती वेगाने निघाला आणि पिचरच्या चेंडूला वेग, फिरकी व वळण किती आहे, हे प्रत्येक चेंडूगणिक मोजले जाते. ताशी 95 मैलांपेक्षा अधिक वेगाने चेंडू मारण्याची क्षमता शिकवून येत नाही आणि ताशी 97 मैलांनी फेकणारा हातही शिकवून तयार होत नाही. कोणता चेंडू किती वेळा टाकायचा, प्लेटच्या कोणत्या भागात टाकायचा, बॅटचा कोन कसा ठेवायचा, या गोष्टी शिकवता येतात. म्हणून तळाच्या संघाने असा खेळाडू राखावा, ज्याच्याकडे न शिकवता येणारी किमान एक ठळक गोष्ट आहे आणि ज्याची उणीव शिकवता येण्याजोग्या भागात आहे. सर्वच बाबतींत जेमतेम असलेला, कोणतीही उणीव न दिसणारा आणि कोणतेही बळ न दिसणारा खेळाडू हा बहुधा सोडण्याजोगा असतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून मी ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचा 2013-14 चा हिवाळा नेहमी सांगतो, कारण त्या काही महिन्यांत एकाच कार्यालयाने काठावरच्या तीन खेळाडूंबद्दल तीन निर्णय घेतले आणि त्यांतील दोन उत्कृष्ट ठरले, तर एक फार महागात पडला. हा संघ 2011 मध्ये 106, 2012 मध्ये 107 आणि 2013 मध्ये 111 सामने हरला होता; 2013 च्या शेवटी तर सलग पंधरा पराभव झाले. डॅलस कायकल हा डावखुरा पिचर ड्राफ्टच्या सातव्या फेरीत निवडलेला, वेग फारसा नसलेला आणि दोन हंगामांत ईआरए पाचच्या वर असलेला. गुणतक्ता पाहणाऱ्याने त्याला सोडलेच असते. पण त्याच्या चेंडूंवर फलंदाज अर्ध्याहून अधिक वेळा चेंडू जमिनीवरच मारत होते आणि 2013 मध्ये तो वॉकही बेताचेच देत होता, म्हणजे धावांचा मोठा भाग मागच्या क्षेत्ररक्षणाचा आणि नशिबाचा होता. त्याला ठेवले गेले. 2014 मध्ये त्याचा ईआरए तीनच्या खाली आला आणि 2015 मध्ये त्याने अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकाचा) साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकला. दुसरा कॉलिन मॅकह्यू. आधीच्या दोन संघांकडून मिळालेल्या थोड्या सामन्यांत त्याचा ईआरए आठच्या वर होता, आणि डिसेंबर 2013 मध्ये कोलोरॅडोने सोडल्यावर ह्यूस्टनने त्याला वेव्हर्समधून घेतले. त्याच्या कर्व्हबॉलची फिरकी असाधारण आहे, हे त्यांनी मोजले होते. त्यांनी त्याला सिंकर (खाली बुडणारा वेगवान चेंडू) कमी करून कर्व्ह (वळून खाली येणारा संथ चेंडू) अधिक टाकायला आणि फास्टबॉल वरच्या भागात ठेवायला सांगितले. 2014 मध्ये त्याचा ईआरए 2.73 होता आणि 2015 मध्ये त्याने 19 सामने जिंकले.

तिसरा जे. डी. मार्टिनेझ. तीन हंगाम ह्यूस्टनकडे खेळून तो सामान्य फलंदाज ठरला होता. 2013 मध्ये 86 सामन्यांत त्याचे 7 होम रन (मैदानाबाहेर मारलेले फटके) होते. त्या हिवाळ्यात त्याने आपली फलंदाजीची ढब मुळापासून बदलली, व्हेनेझुएलाच्या हिवाळी लीगमध्ये ती वापरून पाहिली आणि सराव शिबिरात आल्यावर आपण बदललो आहोत, हे संघाला सांगितले. मार्च 2014 च्या सराव सामन्यांत त्याला अगदी मोजक्या संधी मिळाल्या आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्याला मुक्त केले गेले. डेट्रॉइटने मायनर लीगच्या करारावर घेतल्यानंतर त्याच वर्षी त्याची सरासरी .315 होती आणि होम रन 23. पुढच्या वर्षी 38, 2017 मध्ये दोन संघांकडून मिळून 45, आणि 2018 मध्ये बोस्टनकडून 43 होम रन व त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या 130 धावा. ह्यूस्टनने पुढे 2017 मध्ये जिंकलेल्या विजेतेपदावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणाचा डाग आहे; पण इथे आपला विषय 2014 च्या वसंतातील निर्णयांचा आहे, आणि ते निर्णय खेळाडू ओळखण्याच्या कामाचे होते.

मार्टिनेझच्या बाबतीत नेमके काय निसटले, हे नीट पाहिले पाहिजे. तीन वर्षांचे आकडे खोटे नव्हते. ते फलंदाजीच्या जुन्या ढबीचे होते, एवढेच. खेळाडूने आपल्या तंत्रात मूलभूत बदल केला असेल, तर त्याच्याविषयीची जुनी माहिती एका रात्रीत शिळी होते आणि तो पुन्हा ‘न कळलेला’ खेळाडू बनतो. 111 सामने हरलेल्या संघाला त्याला दीडशे संधी देऊन पाहायला काहीही खर्च आला नसता. म्हणून सराव शिबिरात एखादा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू ‘मी बदललो आहे’ म्हणतो, तेव्हा मी त्याच्या शब्दावर विसंबत नाही आणि त्याच्या जुन्या आकड्यांवरही विसंबत नाही. मी मागच्या वर्षीची आणि या वर्षीची चित्रफीत शेजारी लावतो, चेंडू बॅटवरून निघण्याचा वेग आणि कोन पाहतो, आणि बदल खरोखर दिसत असेल, तर त्याला दीडशे संधींचे लेखी आश्वासन मिळावे असा आग्रह धरतो. प्रत्येक बदल खरा नसतो. बहुतेक बदल जूनपर्यंत विरून जातात. तरीही, दहांतील एक खरा निघाला, तरी बाकीच्या नवांवर घालवलेल्या संधींची भरपाई होते.

वयाबद्दल एक गैरसमज मला सतत भेटतो. तळाच्या संघाने फक्त बावीस-तेवीस वर्षांचे खेळाडू ठेवावेत आणि अठ्ठावीसच्या पुढचे सरसकट सोडावेत, असे मानले जाते. वयाला महत्त्व आहेच, कारण मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू संघाच्या ताब्यात राहतो आणि उशिरा आलेल्याची ती सहा वर्षे उताराची असण्याची शक्यता अधिक असते. पण वय हा अज्ञाताचा पर्याय नव्हे. बाल्टिमोर ओरिओल्स 2018 मध्ये 115 सामने हरले. त्या काळात त्यांच्या ट्रिपल-ए, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पातळीच्या, संघात माइक यास्त्रेम्स्की हा बाहेरच्या मैदानाचा खेळाडू होता, आणि मेजर लीगमध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. मार्च 2019 मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोकडे देऊन टाकले गेले आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी पदार्पण करून त्याने त्याच हंगामात 21 होम रन मारले. अठ्ठावीस वर्षांच्या खेळाडूबद्दल मेजर लीगच्या पातळीवर काहीच माहीत नसेल, तर तोही न कळलेलाच खेळाडू असतो. 115 सामने हरणाऱ्या वर्षात ती माहिती मिळवणे सर्वांत स्वस्त होते.

त्याच ओरिओल्सनी नंतर काठावरच्या खेळाडूंचे काम इतके चांगले केले की, पुनर्बांधणीच्या चर्चेत मी आजही त्यांचेच उदाहरण देतो. 2021 मध्ये ते 110 सामने हरले आणि 2022 मध्ये 83 जिंकले. या उडीचे श्रेय साहजिकच अ‍ॅडली रचमनसारख्या गुणवान तरुणांना दिले जाते. पण यादीच्या तळाकडे पाहिले, तर रॅमोन उरियास सेंट लुइसकडून, होर्हे माटेओ सॅन डिएगोकडून आणि सिओनेल पेरेझ सिनसिनाटीकडून असे वेव्हर्समधून आलेले दिसतात. 2022 मध्ये उरियासला तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षणासाठी गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाला, माटेओने 35 बेस चोरून (फटक्याशिवाय धावून पुढचा बेस गाठून) अमेरिकन लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला आणि पेरेझचा ईआरए 1.40 होता. माटेओची फलंदाजी कमकुवतच राहिली. त्याला ठेवण्याचे कारण होते त्याचे पाय आणि शॉर्टस्टॉपवरील (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधल्या जागेवरील) क्षेत्ररक्षण. तळाच्या संघाकडे तरुण पिचर अनेक असतात आणि त्यांची पारख क्षेत्ररक्षण वाईट असताना होत नाही. चांगला शॉर्टस्टॉप आणि चांगला कॅचर हे त्या पिचरांच्या मूल्यमापनाचीच साधने असतात. म्हणून बेताच्या फलंदाजीचा पण खऱ्या अर्थाने उत्तम हातांचा शॉर्टस्टॉप आणि अनुभवी कॅचर यांना मी माझ्या मुख्य नियमातून सूट देतो. त्यांच्याबद्दल सर्व माहीत असले, तरी ते इतरांबद्दलची माहिती शुद्ध करतात.

होर्हे लोपेझची गोष्ट याहून बोधक आहे. 2020 मध्ये कॅन्सस सिटीने सोडल्यावर बाल्टिमोरने त्याला घेतले. 2021 मध्ये बहुतांश सुरुवातीचा पिचर म्हणून खेळताना त्याचा ईआरए सहाच्या वर होता. त्याला सोडण्याची सर्व कारणे तयार होती. परंतु दोन-तीनदा तेच फलंदाज समोर आले की तो मार खातो आणि पहिल्या फेरीत मात्र त्याचा वेगवान सिंकर कोणाला झेपत नाही, हे दिसत होते. त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे रिलीव्हरांच्या ताफ्यात, हलवले, सामन्याचा शेवट करणारा रिलीव्हर बनवले, आणि 2022 मध्ये तो ऑल-स्टार झाला. मग ऑगस्टच्या सुरुवातीला, संघ चांगला खेळत असतानाच, त्याला मिनेसोटाला देऊन चार पिचर घेतले गेले. चाहत्यांना ते दुखले. त्या चौघांतील येनियर कानो 2023 मध्ये स्वतः ऑल-स्टार झाला आणि बाल्टिमोरने त्या वर्षी 101 सामने जिंकले. काठावरच्या रिलीव्हरबद्दल माझे मत यावरून स्पष्ट व्हावे: तो चांगला निघाला की त्याला जपून ठेवायचे नसते, कारण रिलीव्हरची चांगली वर्षे थोडी असतात आणि जुलैअखेरीस विजेतेपदाच्या शर्यतीतील संघांना त्याची सर्वाधिक गरज असते. त्याला राखण्याचा हेतूच ती अदलाबदल हा असू शकतो.

रूल फाइव्ह ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूंचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांच्याबाबतीत सबुरीला किंमत पडते. जे खेळाडू चार किंवा पाच हंगाम मायनर लीगमध्ये काढूनही चाळीसच्या यादीत घेतले गेलेले नाहीत, त्यांना दुसरा संघ एक लाख डॉलर देऊन घेऊ शकतो. पण त्याला पूर्ण हंगाम सव्वीसमध्ये ठेवावे लागते, नाहीतर जुन्या संघाला अर्ध्या किमतीत परत देऊ करावे लागते. मिनेसोटाने 2000 मध्ये योहान सांताना याला असेच सांभाळले. त्या वर्षी ते 93 सामने हरले आणि सांतानाचा ईआरए 6.49 होता, 2004 आणि 2006 मध्ये त्याने साय यंग जिंकला. बाल्टिमोरने अँथनी सँटँडरला 2017 मध्ये दुखापतीतून आणि 2018 च्या सुरुवातीच्या सक्तीच्या दिवसांतून पार नेले आणि 2024 मध्ये त्याने 44 होम रन मारले. मात्र सॅन डिएगोने 2017 मध्ये असे तीन खेळाडू एकाच वेळी ठेवले. त्यांतील अ‍ॅलन कोर्दोबा तर त्याआधी सर्वांत खालच्या रूकी पातळीच्या वर खेळलाच नव्हता. रोज खेळण्याच्या वयात ते तिघे बाकावर बसून राहिले किंवा त्यांच्या पातळीबाहेरच्या खेळाडूंसमोर उभे राहिले, आणि त्यांच्यापैकी कोणीही त्या संघाचा आधारस्तंभ झाला नाही. माझा नियम एका वेळी एक, फार तर दोन, आणि शक्यतो पिचर असा आहे. पिचरला बुलपेनमध्ये हरलेल्या सामन्यांच्या शेवटच्या इनिंग देऊन शिकवता येते. फलंदाजाला शिकायला रोजच्या चार संधी लागतात आणि त्या देण्याइतका तो तयार नसेल, तर त्याचे एक वर्ष आपण वाया घालवतो.

ऑप्शनबद्दल एक सावधगिरी सांगतो. संघांना ऑप्शन शिल्लक असलेले खेळाडू फार आवडतात, कारण त्यांना न गमावता खाली-वर करता येते. त्यामुळे मार्चअखेरीस ऑप्शन संपलेला अधिक गुणी खेळाडू वेव्हर्सवर जातो आणि कमी गुणी खेळाडू केवळ सोयीचा म्हणून राहतो. विजेत्या संघाला ही सोय उपयोगी असते. तळाच्या संघाने उलट करावे: ऑप्शन असलेल्याला ट्रिपल-ए मध्ये रोज खेळू द्यावे, ऑप्शन संपलेल्याला वर ठेवून त्याची परीक्षा पूर्ण करावी आणि मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत इतर संघांनी अशाच कारणाने सोडलेल्यांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

हे सर्व करूनही काही जण निसटतीलच. होसे बौतिस्ता 2004 या एका हंगामात पाच संघांच्या ताब्यात होता, नंतर पिट्सबर्गने त्याला दोन-अडीच हंगाम नियमित खेळवले, आणि तरीही 2008 मध्ये त्याला टोरांटोला देताना कोणाला फार वाईट वाटले नाही. 2010 मध्ये त्याने 54 होम रन मारले. पिट्सबर्गने त्याला पुरेशी संधी दिली नाही, असे म्हणता येत नाही. त्याला हवा असलेला बदल त्यांच्या मैदानावर घडला नाही, इतकेच. अशा उदाहरणांनी घाबरून कोणालाच न सोडणारा संघ वेव्हर्सची आपली पहिली संधी बंद करून बसतो.

खेळाडूशी बोलण्याचा भागही याच कामात मोडतो, आणि त्याकडे मी सर्वांत आग्रहाने लक्ष वेधू इच्छितो. काठावरचा खेळाडू एका हंगामात तीन गावांत भाड्याच्या खोल्या घेतो, त्याची पत्नी-मुले सामान बांधून तयार असतात, आणि आपल्याला कशासाठी ठेवले किंवा काढले, हे त्याला अनेकदा बातमीतून कळते. त्याला काय पाहिले जात आहे आणि केव्हापर्यंत पाहिले जाईल, हे समोर बसवून सांगावे. त्याला त्याच्या भाषेत सांगावे; डोमिनिकन किंवा व्हेनेझुएलाच्या वीस वर्षांच्या मुलाला घाईघाईच्या इंग्रजीत दोन वाक्ये सांगून निरोप देणे अन्यायाचे आहे. यात संघाचाही थेट फायदा आहे. ज्याला कारण माहीत आहे, तो त्या एका उणिवेवर काम करतो. ज्याला माहीत नाही, तो सगळेच बदलतो आणि त्याचे मूल्यमापन पुन्हा शून्यावर येते. शिवाय मायनर लीगच्या करारावर कोणत्या संघाकडे जायचे, हे सोडलेला खेळाडू स्वतः ठरवतो, आणि ज्या संघाने त्याला माणूस म्हणून वागवले, त्याच्याकडे तो परत येतो. असे परतलेले खेळाडू मी पाहिले आहेत.

शेवटी एक नमुन्याची निवड करून दाखवतो, म्हणजे वरील विचार प्रत्यक्षात कसा लागू होतो, ते दिसेल. समजा मार्चचा शेवटचा आठवडा आहे, सव्वीसमध्ये दोन जागा उरल्या आहेत आणि उमेदवार चार आहेत. पहिला एकतीस वर्षांचा डावखुरा रिलीव्हर, गेली चार वर्षे ईआरए चारच्या आसपास, ऑप्शन संपलेले. दुसरा पंचवीस वर्षांचा उजव्या हाताचा पिचर, ताशी 97 मैल, वॉक फार देणारा, ऑप्शन संपलेले. तिसरा चोवीस वर्षांचा दुसऱ्या बेसचा खेळाडू, ट्रिपल-ए मध्ये चांगली सरासरी, दोन ऑप्शन शिल्लक. चौथा सत्तावीस वर्षांचा बाहेरच्या मैदानाचा खेळाडू, दोन हंगाम अपयशी, ऑप्शन संपलेले, पण हिवाळ्यात ढब बदललेली आणि चेंडू बॅटवरून निघण्याचा वेग स्पष्ट वाढलेला.

मी दुसऱ्याला आणि चौथ्याला ठेवीन. तिसऱ्याला खाली पाठवताना मेपर्यंत तुला रोज खेळायचे आहे आणि आम्ही तुझ्या स्ट्राइकआउटकडे पाहत आहोत, हे त्याला स्पष्ट सांगेन, कारण सध्याच्या घडीला तो जितका चांगला दिसतो, तितका बाकावर बसून राहणार नाही. पहिल्यासाठी आठवडाभर अदलाबदलीचे प्रयत्न करीन. बुलपेनमध्ये दुखापती झालेला एखादा वरचा संघ अठरा-एकोणीस वर्षांचा दूरचा पिचर देऊन त्याला घेण्याची चांगली शक्यता असते. तसे झाले नाही, तर त्याला वेव्हर्सवर ठेवीन, आणि त्यामुळे संघ एप्रिल-मेमध्ये एखादा सामना अधिक हरेल, हे मालकांना आधीच लिहून कळवीन. दुसऱ्या पिचरला पहिले दोन महिने फक्त मागे पडलेल्या सामन्यांत, तेही बेसवर कोणी नसताना, इनिंगच्या सुरुवातीलाच आणेन, आणि त्याचा ईआरए न पाहता पहिला चेंडू स्ट्राइक पडण्याचे प्रमाण दर पंधरवड्याला तपासेन. चौथ्याला जूनच्या मध्यापर्यंत दीडशे संधी पूर्ण करून देईन, उजव्या आणि डाव्या दोन्ही पिचरांविरुद्ध, सलग. तोपर्यंत त्याची सरासरी .190 असली, तरी चेंडूचा वेग टिकून असेल आणि स्ट्राइकआउट वाढले नसतील, तर आणखी दीडशे. वेग मार्चच्या आधीच्या पातळीवर परतला असेल, तर त्याच दिवशी त्याला बोलावून सांगेन आणि त्याची जागा त्या आठवड्यात वेव्हर्सवर आलेल्या पुढच्या न कळलेल्या खेळाडूला देईन.